उन्हाळ्यातली झाडतोड आणि कटर मशीनची पँट



दर वेळी या पानावर आम्ही बेणे, लागण, खोडवा नाहीतर पाण्याच्या पाळ्या यावर लिहितो. या वेळी पँटीवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल, काही हसतीलही. हसून झाले की पुढे वाचावे ही विनंती.

गेल्या मे महिन्यात दिग्रस गटात लागणीच्या जमिनी पाहत फिरत असताना अरुणावतीच्या बाजूच्या एका वावरात आम्ही थांबलो. धुऱ्यावरची जुनी बाभूळ पाडणे चालू होते. कटर मशीन सभासदाचे, चालवणारा त्यांचा सालदार. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, पायात प्लॅस्टिकची चप्पल, डोक्याला दुपट्टा. झाड खाली आले होते आणि फांद्या छाटणे सुरू होते. एक फांदी कटकन तुटली, तिच्यावर टेकलेली मशीन एकदम मोकळी झाली आणि फिरती साखळी डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटे वर लागली. हाड वाचले, पण मांस असे फाटले होते की पाहवत नव्हते. दुपट्टा दाबून धरला, फटफटीवर मधोमध बसवले आणि दिग्रसला नेले. पुढे पेरणीच्या वखताला तो माणूस खाटेवर होता.

संध्याकाळी आम्ही मालकांना विचारले, भाऊ, पायाला काही घालायला नाही का देत? ते म्हणाले, "साहेब, पँट आहे न घरी. चांगली भारीतली आणली. पण या तपनात ते कोण घालते? दहा मिनिटांत माणूस उकडून निघते." खुंटीवर लोंबणारी ती पँट आम्ही हातात घेऊन पाहिली. माल अस्सल होता. पण चारी बाजूंनी जाड अस्तर, सगळ्यात वरचा वर्ग, थंड मुलखातल्या जंगलात दिवसभर लाकूड तोडणाऱ्यासाठी केलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा सालदाराने ती घातली नाही, यात त्याचा फार दोष आम्हाला दिसत नाही. निवड चुकली होती. म्हणून हा लेख.

प्रथम ही पँट काय करते ते समजून घ्या. पुष्कळांचा समज असा की तिचे कापड इतके चिवट असते की साखळी त्यावरून घसरते. तसे नाही. वरचे कापड साखळी सहज फाडते. आत लांब, सैल तंतूंचे थर असतात. साखळीचे दात ते तंतू ओढून नेतात, तंतू मशीनच्या आतल्या दातेरी चाकाभोवती गुंडाळले जातात, चाक जाम होते आणि साखळी क्षणाच्या आत थांबते. कडब्याचा पेंढा कुट्टी मशीनमध्ये वेडावाकडा अडकला की ती कशी बसते, तसाच प्रकार. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, तंतू मोकळे राहिले तरच पँट काम करते. दुसरी, पँट काही चिलखत नव्हे. वेग जास्त असला, जोर देऊन साखळी दाबली गेली, तर पाय कापला जाऊ शकतो. जखम हलकी व्हावी, पाय राहावा, एवढ्यासाठी ती आहे.

आता वर्ग. या कपड्यांची तपासणी आयएसओ ११३९३ या मानकाप्रमाणे होते. त्याआधीचे युरोपचे मानक ईएन ३८१, जुन्या मालावर तेही छापलेले आढळते. साखळी किती वेगाने फिरत असताना कापडाने तिला अडवले, त्यावरून वर्ग ठरतो. वर्ग ० म्हणजे सेकंदाला १६ मीटर, वर्ग १ म्हणजे २०, वर्ग २ म्हणजे २४ आणि वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. सेकंदाला २० मीटर म्हणजे तासाला ७२ किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावरची एसटी धरा. वर्ग वाढला की साधारणपणे थर वाढतात, वजन वाढते, उकाडा वाढतो. धुऱ्यावरची बाभूळ, निंब, सुबाभूळ तोडणाऱ्या मध्यम मशीनला वर्ग १ ची पँट बहुधा पुरते. मोठी, जोरदार मशीन असेल तर वर्ग २ कडे जावे. मात्र अंदाजाने ठरवू नये. मशीनच्या पुस्तिकेत साखळीचा वेग दिलेला असेल तर तो पाहावा, नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्यावा.

वर्गापेक्षाही उन्हाळ्यात महत्त्वाचा आहे तो प्रकार, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. ए प्रकारात संरक्षक थर पायाच्या पुढच्या बाजूला व थोडा कडेला असतो, मागे साधे पातळ कापड. बी प्रकारात डाव्या पायाच्या आतल्या बाजूला आणखी थोडी पट्टी वाढवलेली असते. सी प्रकारात थर पायाला सगळीकडून गुंडाळलेला असतो. जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याला साखळी लागते ती बहुतेक पुढून, आणि उजव्या हातात रेस असल्यामुळे डाव्या मांडीला नि गुडघ्याला जास्त. म्हणून आपल्या हवेत, जमिनीवरच्या कामासाठी, शिकलेल्या हाताला ए प्रकार आम्ही पसंत करतो. मांडीच्या मागून वारा लागतो, घाम वाळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते, हे शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको. मागच्या बाजूला चेन लावलेली हवेची फट असेल तर उत्तमच. नवशिक्या माणसाला मात्र सी प्रकारच बरा. मशीन कशी धरावी हेच त्याला ठाऊक नसते, ती कुठूनही लागू शकते. झाडावर चढून तोडणाऱ्यालाही सी प्रकारच लागतो. पण मशीन घेऊन झाडावर चढण्याचे काम शिकल्यावाचून कोणी करूच नये. आपल्याकडे सर्रास चालते ते आम्ही पाहतो, आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

तिसरी वस्तू म्हणजे चॅप्स. साध्या पँटीवरून पुढे बांधायचा हा एक प्रकारचा दुपायी अॅप्रन. कमरेला पट्टा, पायामागे बकले. मागची बाजू उघडी राहते, म्हणून त्यात उकाडा सगळ्यात कमी. शिवाय पेट्रोल भरायला किंवा पाणी प्यायला सावलीत बसलात की बूट न काढता तो सोडून ठेवता येतो. एकच चॅप्स पट्टे कमीजास्त करून दोन माणसांना आळीपाळीने वापरता येतो, ही सोय आपल्या शेतकऱ्याला पटण्यासारखी आहे. पण गरमीपोटी लोक खालची बकले लावत नाहीत. मग कापड भलतीकडे फिरते, मांडी उघडी पडते, आणि लोंबणारा पट्टा काट्याकुट्यात अडकतो तो वेगळाच. सगळी बकले लावायची असतील तरच चॅप्स घ्या. आमचे मत विचाराल तर वर्षातून आठ-दहा दिवस झाडतोड करणाऱ्या सभासदाने चांगला चॅप्स घ्यावा. मजुरीने रोज कटर चालवणाऱ्याने ए प्रकारची पँट घ्यावी.

मापाविषयी थोडे. तंग पँट उन्हात अंगाला चिकटते, वाकताना गुडघ्यावर ताणते आणि थर जागचा सरकतो. फार ढगळ असली तर पायाभोवती फिरते. दुकानात उकिडवे बसून, एक पाय ओंडक्यावर ठेवल्यासारखा वर करून पाहावे. कमरेला पट्टा आवळण्यापेक्षा खांद्यावरून गॅलिस लावले तर कंबर सैल राहते, आत वारा खेळतो. आत सुती अर्धी चड्डी घालावी. नायलॉनचे काही नको, मांड्या घासून सोलतात. कापडाचा रंग फिकट असेल तर बरे, पण रंगासाठी वर्ग सोडू नये.

फसवणुकीबद्दल आमचाच अनुभव सांगतो. गटात दाखवायला म्हणून आम्ही एका दुकानातून 'कटरची पँट' आणली. वजनाला हलकी, किंमत कमी, आम्ही खूश. घरी येऊन पाहिले तर आत नुसता फोम. गवत कापायच्या मशीनचे खडे लागू नयेत म्हणून असते तसले ते होते. गटाच्या बैठकीत आम्ही ती बाभळीच्या ओंडक्यावर बांधली आणि मशीन लावली. पँट, फोम आणि दोन बोटे लाकूड, सगळे एका दमात कापले गेले. शेजारच्या ओंडक्यावर एक जुना पण खरा चॅप्स बांधला होता. तिथे साखळी जेमतेम कापडात शिरली आणि थांबली. चाकात अडकलेले पांढरे तंतू स्क्रू ड्रायव्हरने ओढून काढायला पाऊण तास लागला. लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता. मंडळी बराच वेळ गप्प होती. तेव्हा खरेदी करताना आतल्या बाजूचा शिक्का पाहावा: ढालीत मशीनचे चित्र, मानकाचा आकडा, वर्ग आणि प्रकार. शिक्का नसेल तर दुकानदार कितीही आपला असो, परत ठेवावी. आणि हा ओंडक्याचा प्रयोग नव्या पँटीवर करू नये. एकदा साखळी लागलेली पँट बाद समजायची, तिला शिवून पुन्हा वापरायचे नाही.

बॅटरीवरच्या मशीनी आता गावात येऊ लागल्या आहेत. विजेच्या मोटरला संथ फिरतानाही जोर जास्त असतो, त्यामुळे तंतू अडकले तरी चाक लगेच बसेलच असा भरवसा धरू नये. आवाज कमी म्हणून ही मशीन गरीब वाटते, ती तशी नाही.

पँटीची निगा. साखळीच्या तेलाने, पेट्रोलने माखली की आतले तंतू एकमेकांना चिकटतात, म्हणून मळू देऊ नये. साध्या साबणाने धुवावी. कपडे पांढरे करायची पावडर किंवा ब्लीच घालू नये, त्याने तंतू कुजतात. कडक उन्हात नको, सावलीत वाळवावी. इस्त्री नको. फाटलेला खिसा शिवताना सुई संरक्षक थरातून गेली की तिथले तंतू जखडले. घरात बायामाणसांना हे सांगून ठेवावे, नाहीतर त्या चांगल्या मनाने शिवून टाकतात. आणि उंदरांपासून जपावी!

आता उन्हाचे. कितीही हलकी निवडली तरी पँट ती पँटच. म्हणून काम सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत उरकावे, नवतपात तर त्याहून आधी. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहान लागो न लागो. मध्ये ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. डोके दुखू लागले, पोटऱ्यात गोळे आले, गरगरले की मशीन बंद. पँट सोडून सावलीत बसावे. माणूस असंबद्ध बोलू लागला तर ऊन लागले समजावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. साखळी लागून रक्त गेले तरी १०८ च. गाडी येईपर्यंत स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, बघायला म्हणून उचलू नये. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून जवळ नाही, हे लक्षात असावे. डोक्याच्या दुपट्ट्याचे शेव आत खोचावेत, सुटे शेव साखळीत जातात. चपलेऐवजी बूट तर हवेतच.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न बैठकीत निघाला होता. काहींचे म्हणणे पडले की मजुराने आपली पँट आपण आणावी. अमेरिकेत १९९५ साली लागू झालेल्या लाकूडतोडीच्या नियमात, कटर चालवणाऱ्याला पायाचे संरक्षण मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यावे असे लिहिले आहे. तिकडचा कायदा आपल्याला लागू नाही. पण मशीन आपली, झाड आपले, धुरा आपला, मग पाय तेवढा त्याचा, हा हिशेब आम्हाला पटत नाही. वर सांगितलेल्या सभासदांनी जूनमध्येच दोन चॅप्स आणले. सालदार अजून थोडा लंगडतो, पण कामावर आहे.

जाता जाता, सागासारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. मशीनला हात लावण्याआधी वन कार्यालयात विचारून घ्यावे.

तो कापलेला फोमचा नमुना आणि तंतू बाहेर आलेला चॅप्स दिग्रस गट कार्यालयात खिळ्याला टांगून ठेवले आहेत. ए आणि सी प्रकारची एकेक पँटही घालून पाहण्यासाठी आहे. गटाच्या बैठकीच्या दिवशी यावे, येताना मशीनची पुस्तिका आणावी आणि मशीन चालवणाऱ्यालाही सोबत आणावे, माप त्याचे घ्यायचे आहे.