अल्क

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारी पदार्थाला अल्क असे म्हणतात. अल्क पाण्यात विरघळला की द्रावणात हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण वाढते. असे द्रावण तांबडा लिटमस निळा करते, बोटांना बुळबुळीत लागते आणि आम्लाशी अभिक्रिया होऊन क्षार व पाणी तयार होते. सोडिअम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा), पोटॅशिअम हायड्रॉक्साइड, कॅल्शिअम हायड्रॉक्साइड (विरलेला चुना) आणि अमोनियाचे जलीय द्रावण ही शालेय अभ्यासक्रमातील नेहमीची उदाहरणे आहेत. प्रत्येक अल्क आम्लारी असतो, पण प्रत्येक आम्लारी अल्क नसतो. लोह व ॲल्युमिनिअम यांची हायड्रॉक्साइडे आम्लाचे उदासिनीकरण करतात, मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने त्यांची गणना अल्कांत होत नाही.

संज्ञा

'अल्कली' हा शब्द वनस्पतींच्या राखेसाठी वापरल्या जाणाऱ्या अरबी शब्दावरून आला आहे. मराठीत या विषयातील संज्ञांचा गोंधळ बराच होतो. महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत 'क्षार' म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून बनणारा पदार्थ. हिंदी पुस्तकांत तोच शब्द अल्कासाठी येतो. शेतीच्या भाषेतही 'खारवट' आणि 'चोपण' या दोन वेगळ्या जमिनी आहेत. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, तर चोपण जमिनीत सोडिअमचे प्रमाण जास्त व सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. माती परीक्षणाच्या अहवालात विद्युत वाहकता आणि सामू असे दोन निरनिराळे आकडे येतात ते याच कारणाने.

हायड्रॉक्साइड आयन

ऑक्सिजनचा एक अणू, हायड्रोजनचा एक अणू आणि एक ऋण प्रभार मिळून हायड्रॉक्साइड आयन बनतो. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या आयनीभवनाच्या सिद्धांतानुसार आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते व आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देतो. उदासिनीकरणात हे दोन आयन एकत्र येऊन पाणी होते.

कॉस्टिक सोड्याच्या बाबतीत हे सरळ आहे, कारण हायड्रॉक्साइड आयन त्या पदार्थात मुळातच असतो. अमोनियाच्या रेणूत मात्र ऑक्सिजनच नाही. तो पाण्याच्या रेणूकडून एक हायड्रोजन आयन घेतो, स्वतः अमोनिअम आयन होतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. धुण्याच्या सोड्यातील कार्बोनेट आयनही असेच करतो. म्हणून धुण्याचा सोडा वर्गीकरणाने क्षार असला, तरी त्याचे द्रावण अल्कधर्मी असते. पदार्थाच्या सूत्रात हायड्रॉक्साइड शोधण्याची विद्यार्थ्यांची सवय येथे फसते. पाहायचे असते ते द्रावणात काय उरते हे.

शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ७ असतो. सामू एकाने वाढला की हायड्रॉक्साइड आयनांची संहती दहापट होते. एक लिटर द्रावणात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा असल्यास सामू सुमारे १३ येतो, म्हणजे शुद्ध पाण्याच्या दहा लाख पट हायड्रॉक्साइड आयन.

काळ्या जमिनीतील अल्कता

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका कापूस, सोयाबीन व तूर या पिकांचा प्रदेश आहे. विदर्भातील काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली असून तिच्यात बहुधा चुनखडी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, असते. ते अत्यल्प विरघळते व त्यातील कार्बोनेट आयन धुण्याच्या सोड्याप्रमाणेच पाण्यापासून हायड्रॉक्साइड आयन निर्माण करतो. अशा जमिनींचा सामू साधारणतः ७.५ ते ८.५ असतो. आकडा किरकोळ दिसतो. पिकाच्या दृष्टीने तो तसा नाही.

अमोनिअम क्षार ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत तो अल्काबरोबर तापवतात. उग्र वासाचा वायू येतो व ओला तांबडा लिटमस निळा होतो:

अमोनिअम आयन + हायड्रॉक्साइड आयन → अमोनिया + पाणी

कपाशीच्या ओळीत उघड्यावर टाकलेल्या युरियाचेही असेच होते. मातीतील युरिएज या विकरामुळे युरियाचे अमोनिअम कार्बोनेट बनते, आणि दाण्याभोवतीचा सामू त्यामुळे आणखी चढतो. २५ अंश सेल्सिअसला ७.२५ सामू असलेल्या द्रावणात अमोनिअमपैकी सुमारे १ टक्का भाग अमोनियाच्या रूपात असतो, ८.२५ सामूला तो सुमारे ९ टक्के होतो. हा अमोनिया वायू हवेत निघून जातो आणि शेतकऱ्याने विकत घेतलेला नत्र पिकाला मिळत नाही. युरिया मातीआड करावा आणि हप्त्यांनी द्यावा या शिफारशीमागचे एक रासायनिक कारण हे आहे. मातीच्या थरात अमोनिअम चिकणमातीच्या कणांना धरून राहतो.

दुसरी कसोटी लोहाची. फेरिक क्षाराच्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड घातले की तांबूस तपकिरी साका खाली बसतो. तो फेरिक हायड्रॉक्साइडचा असतो. काळ्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते बव्हंशी अशाच अविद्राव्य रूपात अडकलेले असते. सामू एकाने वाढला की फेरिक आयनांची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. सोयाबीन किंवा संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाच्या कमतरतेचा संशय घेतात.

चोपण जमिनीत सोडिअम कार्बोनेट व बायकार्बोनेट असल्याने सामू याहूनही वर जातो. तेथे जिप्सम घालून सोडिअमच्या जागी कॅल्शिअम आणतात व सोडिअम पाण्याबरोबर निचरून काढतात. केवळ चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शिअम आधीच पुरेसे असते, त्यामुळे तेथे जिप्समने सामू उतरत नाही.

चुना व बोर्डो मिश्रण

चुनखडी भाजल्यावर कळीचा चुना (कॅल्शिअम ऑक्साइड) मिळतो. त्यावर पाणी टाकताच मोठी उष्णता बाहेर पडून विरलेला चुना बनतो. तो लिटरमागे जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, तरी संपृक्त निवळीचा सामू १२ च्या वर असतो. संत्रा बागांत वापरले जाणारे १ टक्क्याचे बोर्डो मिश्रण १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना घेऊन करतात. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते व चुना त्याचे उदासिनीकरण करतो. लोखंडी खिळा किंवा विळा मिश्रणात बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात.

हाताळणी

अल्क आम्लापेक्षा सौम्य असतात हा समज चुकीचा आहे. तीव्र अल्क त्वचेतील व डोळ्यातील स्निग्ध पदार्थांचे साबणात रूपांतर करतात, प्रथिने विरघळवतात आणि आत शिरत राहतात. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना चुना उडून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना भारतात नोंदवल्या गेल्या आहेत. अशा वेळी पापण्यांखालील चुन्याचे कण निघून जातील अशा रीतीने डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा लागतो व त्यानंतर नेत्रतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते. लिंबू किंवा व्हिनेगर घालून उदासिनीकरण करण्याचा प्रयत्न करू नये. त्याने उष्णता निर्माण होऊन इजा वाढते.