घर खायला उठते तेव्हा



कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, म्हणजे तो नव्या कामगार संहितांवर बोलणार अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे. चालकांचीही तीच समजूत होती. मी भयपटांवर बोलतो असे कळविले, तेव्हा कार्यवाह क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिले. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात आणि चित्रपटगृहातल्या स्वस्त खुर्चीवर. तेव्हा मी सांगेन ते शास्त्र्याचे मत नसून एका सवयीच्या प्रेक्षकाचे आहे. परंतु भय या वस्तूशी माझा धंद्याचा संबंध आहे. माणसे संघटनेत येतात ती भयामुळे आणि पुष्कळदा संघटना सोडतात तीही भयामुळेच. म्हणून पडद्यावरचे भय आपल्या मनात कसे काम करते, हे मी कुतूहलाने पाहात आलो आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. दचकणे निराळे आणि अस्वस्थ होणे निराळे. १९८४ साली रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. गिरणगावातली आम्ही पाचसहा पोरे तो पाहावयास गेलो. सामरी पडद्यावर आला की सारे थेटर ओरडे आणि ओरडून झाले की हसे. बाहेर पडून आम्ही वडापाव खाल्ला, सामरीच्या चालीची नक्कल करीत चाळीत परतलो आणि गाढ झोपलो. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या अमेरिकन चित्रपटात दचकवण्याचा एक नमुनेदार प्रसंग आहे. रात्रीच्या निर्जन रस्त्याने एक स्त्री चालली आहे. मागून पावले वाजतात, मग वाजेनाशी होतात. आता श्वापद झडप घालणार म्हणून आपण श्वास रोखतो, तोच फुस्स असा मोठा आवाज होतो. पाहावे तर एक बस येऊन थांबलेली! दचकणे हे शरीराचे काम आहे. मनाने विचार करण्यापूर्वीच खांदे वर जातात, डोळे मिटतात आणि दुसऱ्या क्षणी सारे ओसरते. अशा भयाचे पैसे तिकिटातच फिटतात, घरी काही उरत नाही.

किळस हीदेखील वेगळी गोष्ट आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस मुळातच वेगळे ठेवले. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. रक्तमांसाचा चिखल दाखवून प्रेक्षकाला तोंड फिरवायला लावणे सोपे आहे. पण त्याची झोप घालवायची तर दुसरे काही लागते. ते काय, याचा शोध घेऊ.

माझ्या वडिलांचा एक शब्द मला येथे उपयोगी पडतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणूस एका दिवसात रिकामा झाला, त्यात माझे वडील होते. पाळीला जाणारा माणूस दिवसभर खोलीत बसू लागला. काही महिन्यांनी ते आईला म्हणाले, "घर खायला उठतंय." मी घाबरून भिंतींकडे पाहिले होते. भिंती त्याच होत्या, फडताळ तेच, मोरीही तीच. पण त्या दिवसापासून ती खोली मला निराळी दिसू लागली. पुढे ग्रंथालयात फ्रॉइडच्या १९१९ च्या एका निबंधाविषयी वाचले. अंगावर शहारा आणणाऱ्या गोष्टीला जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याच्या पोटात 'घर' हा शब्द दडलेला आहे, आणि ओळखीचेच अनोळखी होऊन समोर आले की ही भावना उपजते, असे त्याचे म्हणणे. मला वाटले, हे तर आमच्या चाळीला ठाऊक होते! सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या भयपटांचे मर्म मला येथे सापडते. ज्याच्या आधाराने आपण निर्धास्त पाठ टेकतो, तो आधारच ते उलटवितात.

हिचकॉकचा 'सायको' घ्या. साल १९६०. एक कारकून बाई मालकाच्या गिऱ्हाइकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन पळते. आपण तिच्याबरोबर भितो, तिच्याबरोबर मोटार हाकतो. रात्री ती एका आडवाटेच्या मोटेलात उतरते. पैसे परत करावयाचे असे ठरवून ती मोकळ्या मनाने नहाणीघरात शिरते आणि तेथेच तिचा खून होतो. चित्रपट अजून निम्माही झालेला नाही! तो प्रसंग पाऊण-एक मिनिटाचा. चित्रपट कृष्णधवल, रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरलेला, आणि सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. ती शिरते आपल्या कल्पनेत. पण खरा आघात पुढेच आहे. जिचा हात धरून आपण गोष्टीत आलो तीच गेली, आता कोणाचा हात धरावयाचा? नायिका शेवटपर्यंत जगते, हा कथाकार आणि श्रोता यांच्यामधला जुना करार. हिचकॉकने तो नोटीस न देता मोडला.

१९७३ च्या 'एक्झॉर्सिस्ट'ची कीर्ती मान गरगर फिरविणाऱ्या मुलीसाठी आहे. पण तो पाहताना पुष्कळांना भोवळ आली ती इस्पितळातल्या दृश्याने. बारा वर्षांच्या पोरीला यंत्राखाली निजवतात, मानेत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, यंत्र धाडधाड वाजू लागते. तेथे सैतान नाही, शहाणेसुरते डॉक्टर आहेत. आई एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जाते आणि शेवटी तेच डॉक्टर तिला भूत उतरविण्याचा विधी सुचवतात. ज्यांनी आजारी मूल घेऊन इस्पितळाच्या बाकावर रात्र काढली आहे, त्यांना त्या आईचा चेहरा समजावून सांगावा लागत नाही.

१९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने पेनसिल्व्हेनियात अल्प भांडवलावर 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. मेलेली माणसे उठून जिवंतांना खात सुटली आहेत. एका शेतघरात काही लोक अडकतात. त्यांतला बेन हा कृष्णवर्णीय तरुण डोके शांत ठेवून रात्रभर झुंजतो आणि एकटा वाचतो. सकाळ होते, बंदूकधारी मदतपथक येते. आपण सुटकेचा श्वास टाकतो. तो खिडकीशी येतो आणि ते लोक त्याला प्रेत समजून गोळी घालतात. मग त्याचे शव आकड्यांनी ओढून सरणावर टाकल्याची स्थिरचित्रे दिसतात आणि चित्रपट संपतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. त्या देशातल्या प्रेक्षकाला ती स्थिरचित्रे वर्तमानपत्रातल्यासारखी वाटली असतील तर नवल नाही. प्रेतांपासून वाचलेला माणूस रक्षकांच्या हातून मेला, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता माझ्या धंद्याच्या जवळ येतो. १९७४ चा 'टेक्सास चेन सॉ मॅसकर' हे नाव ऐकूनच सभ्य माणूस दूर पळतो. मीही पळत होतो. वस्तुतः त्यात रक्त नावावरून वाटते त्यापेक्षा फारच कमी आहे आणि करवतीने मरतो तो एकच जण. टेक्सासच्या भर उन्हाळ्यात, बंद खोलीत, सलग चोवीस तासांहून अधिक वेळ त्यातल्या जेवणाच्या प्रसंगाचे चित्रण चालले होते. नटांचा तो खराखुरा शिणवटा पडद्यावर उतरला आहे. परंतु मी हादरलो ते आरंभीच्या एका संभाषणाने. वाटेत गाडीत घेतलेला एक विक्षिप्त तरुण सांगतो, की आमचे घराणे कत्तलखान्यातले; पूर्वी जनावर घणाने पाडीत, आता हवेची बंदूक आली आणि माणसांची कामे गेली. पुढे माणसे मारणारे ते हेच कुटुंब. त्यांच्या घरात एक जख्ख म्हातारा आहे. तो एके काळचा नामांकित कारागीर, म्हणून पोरे त्याच्या हातात कौतुकाने हातोडा देतात आणि तो हातातून पुन्हापुन्हा गळून पडतो. त्या जागी मला आमच्या चाळीतले म्हातारे साचेवाले दिसले. बंधूंनो, त्या खुनी कुटुंबाचे समर्थन मी करीत नाही. पण राक्षस आकाशातून पडत नाही. त्याला पत्ता असतो, धंदा असतो आणि तो धंदा कधीतरी बंद पडलेला असतो. हे कळल्यावर त्याला पाहून नुसते ओरडता येत नाही. विचार करावा लागतो.

शेवटी ज्याने मला सर्वांत अधिक छळले त्या चित्रपटाविषयी. १९९८ चा जपानी 'रिंग', दिग्दर्शक हिदेओ नाकाता. एक शापित व्हिडिओफीत आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. त्यातले प्रेत विहिरीतून निघून दूरदर्शनच्या पडद्याबाहेर येते. त्या नटीला उलटे चालवून ते चित्रण उलटे फिरविले आहे, म्हणून ती चाल माणसाची वाटत नाही. हे दृश्य भयंकरच. पण मला झोप लागली नाही ती शेवटामुळे. मरण टाळण्याचा उपाय एकच, फितीची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवावयाची. नायिकेच्या लहान मुलाने फीत पाहिलेली आहे. शेवटी ती यंत्र घेऊन मोटारीतून निघते, स्वतःच्या वडिलांकडे. मुलगा वाचावा म्हणून आजोबांना ती फीत दाखवावयाची आहे. आणि आपण प्रेक्षक तिला मनातून काय म्हणतो? म्हणतो, बाई, लवकर जा!

माझ्या मुलीने हा चित्रपट मला घरी लॅपटॉपवर दाखविला. तो संपल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात नवी यंत्रे आली, तेव्हा मी व्यवस्थापनाशी करार केला होता. कायम कामगार एकही कमी होणार नाही, अशी अट मी मान्य करून घेतली. गेटसभेत माझा जयजयकार झाला, हार घातले. कमी झाले ते कंत्राटी. त्यांतला एक जण पुढे मला रेल्वेच्या पुलावर भेटला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, त्या कागदावर आमचं नाव कुठं होतं?" मी फीत पुढे सरकवली होती आणि त्या रात्री निर्धास्त झोपलोही होतो. सर्वांत अस्वस्थ करणारा भयपट तोच, जो प्रेक्षकाची सोयीची खुर्ची काढून घेतो. तोवर आपण भिणाऱ्याच्या बाजूला बसलेलो असतो. एकाएकी कळते की आपण ज्याला भ्यावयाचे त्याच्याही बाजूला थोडे बसलो आहोत.

मग असले चित्रपट पाहावे तरी कशाला, असे कोणी विचारील. लहान मुलांना दाखवू नयेत, हे सांगणे नकोच. ज्याला सोसत नाही त्यानेही पाहू नयेत. त्यात भ्याडपणा नाही. पण ज्याला सोसते त्याला ते एक काम करून देतात. आपल्या घरातले, धंद्यातले, समाजातले भय बहुधा बिननावाचे असते. नोटीस फळ्यावर लागण्यापूर्वीचे आठ दिवस कामगार जितका भितो, तितका नोटीस वाचल्यावर भीत नाही, हा माझा नित्याचा अनुभव आहे. चांगला भयपट भयाला रूप देतो आणि रूप आले म्हणजे त्याच्याविषयी बोलता येते.

२०१८ साली राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाने 'तुंबाड' केला. त्यामागे आपल्या नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यात बाप आपल्या लहान पोराला लोभाच्या धंद्यात उतरवितो. शेवटी शापाने विद्रूप झालेला बाप सोन्याच्या मुद्रांनी भरलेली देवाची लंगोटी त्याच्यापुढे धरतो. पोरगा ती घेत नाही आणि जळत्या पलित्याने बापाला सोडवितो. जपानी चित्रपटातली आई फीत पुढे देते, येथे मुलगा वारसा नाकारतो. मला दोन्ही खरे वाटतात. पहिला पाहून मला माझी सही आठवली. दुसरा पाहिल्यानंतर मी कंत्राटी कामगारांची नावे पहिल्या पानावर घातल्याशिवाय करारनाम्याचा मसुदा पुढे केलेला नाही. असा मसुदा नेहमी मान्य होतोच असे नाही. पण घर खायला उठत नाही.