सिंग, जॉन मिलिंग्टन
(१६ एप्रिल १८७१–२४ मार्च १९०९). विख्यात आयरिश नाटककार. डब्लिनजवळील रॅथफार्नम येथे जमीनदारीची परंपरा असलेल्या प्रॉटेस्टंट घराण्यात जन्म. वडील बॅरिस्टर, सिंग एक वर्षाचा असताना ते वारले. आईची धर्मनिष्ठा कडवी होती. परंतु डार्विनच्या वाचनाने सिंगची श्रद्धा किशोरवयातच ढळली. ट्रिनिटी कॉलेजमध्ये त्याने आयरिश व हिब्रू या भाषांचे अध्ययन केले आणि १८९२ मध्ये पदवी घेतली. त्याचा ओढा मात्र संगीताकडे होता. संगीताच्या शिक्षणासाठी तो १८९३ मध्ये जर्मनीस गेला. तथापि श्रोत्यांसमोर वाजविण्याचे धैर्य होईना, म्हणून तो मार्ग सोडून तो पॅरिसमध्ये भाषा-साहित्याच्या अभ्यासाकडे वळला. संगीतात तयार झालेला कान पुढे त्याच्या गद्याच्या उपयोगी पडला.

पॅरिसमध्ये १८९६ साली त्याची कवी येट्सशी भेट झाली. आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरन बेटांवर जाऊन राहावे, हा येट्सचा सल्ला त्याने मानला. १८९८ ते १९०२ या काळात तो दरवर्षी तेथे गेला. कोळी व शेतकऱ्यांच्या घरांत राहून त्याने आयरिश भाषा आत्मसात केली, कथा टिपून घेतल्या. द अरन आयलंड्स (१९०७) हे त्या वास्तव्याचे संयत, चित्रदर्शी वर्णन असून त्याच्या बहुतेक नाटकांची बीजे त्यात सापडतात.

रायडर्स टू द सी (प्रयोग १९०४) ही एकांकिका अल्पविस्तारातही शोकात्मिकेची उंची गाठते. मॉर्या या वृद्धेचा सासरा, नवरा व पाच मुलगे समुद्राने नेले आहेत, सहावाही जातो. बुडालेल्या पाचव्या मुलाची ओळख पटते ती बहिणीने विणलेल्या मोज्यातील सुटलेल्या टाक्यांवरून. त्याच्या शवपेटीसाठी आणलेल्या पांढऱ्या फळ्या धाकट्याच्या कामी येतात. आणि फळ्या आणताना खिळे आणावयाचे राहून गेल्याचे त्याच वेळी ध्यानात येते. शोकाचे भाष्य टाळून अशा घरगुती वस्तूंवर भार टाकणे, हे सिंगचे वैशिष्ट्य होय.

द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड (१९०७) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती. बापाला ठार केल्याचे सांगणारा एक बुजरा तरुण मेयो परगण्यातील एका खेड्यात वीर ठरतो. पुढे बाप जिवंत असल्याचे उघड होते. तेव्हा तरुण सर्वांदेखत त्याला पुन्हा हाणतो आणि गाव त्याच्यावर उलटते. ऐकीव पराक्रम व डोळ्यांदेखतचे कृत्य यांतील हे अंतर हाच सुखात्मिकेचा गाभा आहे. २६ जानेवारी रोजी ॲबी थिएटरमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगात स्त्रियांच्या अंतर्वस्त्राचा वाचक शब्द उच्चारला जाताच गोंधळ माजला. पुढील प्रयोग पोलिसांच्या बंदोबस्तात करावे लागले. आक्षेप केवळ एका शब्दास नव्हता. परसत्तेशी झगडणाऱ्या राष्ट्रवाद्यांना ग्रामीण आयरिश माणूस निष्कलंक हवा होता, आणि त्याचे हे चित्र रेखाटणारा जमीनदारांच्या वर्गातला होता. त्यांचा संशय समजण्यासारखा आहे. परंतु नाटकात उपहासाइतकाच या माणसांच्या कल्पनाशक्तीविषयीचा आदरही आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले. अमेरिकेतही १९११-१२ च्या दौऱ्यात दंगे झाले आणि फिलाडेल्फियात नटांना अटक झाली.

सिंगच्या संवादांची भाषा आयरिश वळणाची इंग्रजी आहे. मराठीप्रमाणेच आयरिशमध्येही मालकीदर्शक स्वतंत्र क्रियापद नाही. त्यामुळे इंग्रजीत त्या क्रियापदाने साधणारा पूर्णकाळ आयरिश माणूस ‘करण्याच्या नंतर आहे’ अशा रचनेने व्यक्त करतो. जोर द्यावयाचा शब्द वाक्याच्या आरंभी आणतो. सिंगने या लकबी वेचून त्यांना लांब, हेलकावे घेणारी लय दिली. लोकांच्या तोंडी न ऐकलेले शब्द आपण क्वचितच वापरले, असा त्याचा दावा होता. शब्दांपुरता तो मान्य करता येईल. पण इतक्या सलग, घोटीव लयीत कोणतेही गाव बोलत नाही. ती बोलीची नोंद नसून बोलीतून घडविलेले काव्य आहे. प्रमाणभाषेत उतरविताच त्याच्या नाटकांचे अर्धे बळ ओसरते, ते यामुळेच.

इन द शॅडो ऑफ द ग्लेन (प्रयोग १९०३), द वेल ऑफ द सेंट्स (१९०५) व द टिंकर्स वेडिंग (१९०८) ही त्याची अन्य नाटके. १९०५ पासून तो येट्स व लेडी ग्रेगरी यांच्यासह ॲबी थिएटरचा संचालक होता. हॉजकिनच्या रोगाने डब्लिन येथे तो वयाच्या ३७ व्या वर्षी मरण पावला. अपुरे राहिलेले डीर्ड्रे ऑफ द सॉरोज १९१० मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील नायिकेची भूमिका त्याची वाग्दत्त वधू मॉली ऑलगुड हिने केली. रायडर्स टू द सी वर आधारलेली व्हॉन विल्यम्सची संगीतिका व त्याच एकांकिकेवरून ब्रेख्तने स्पॅनिश यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर रचलेले नाटक, ही दोन्ही १९३७ मध्ये प्रथम सादर झाली.