चालतोय-बोलतोय म्हणजे मेंदू शाबूत?

कार्डिअ‍ॅक अरेस्टमधून वाचलेल्या माणसाच्या घरी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘चालतोय, बोलतोय, सगळ्यांना ओळखतोय. मेंदूला काही झालेलं नाही, देवाची कृपा.’ घरच्यांनी असं म्हणावं हे समजू शकतं, त्यांचं माणूस मरणाच्या दारातून परत आलेलं असतं. पण डॉक्टरही तेच म्हणतात, डिस्चार्ज कार्डावर ‘शुद्धीवर, स्थळकाळाचं भान आहे’ एवढंच लिहितात आणि पुढच्या भेटीत फक्त टूडी इको बघतात, तेव्हा संताप होतो. हृदय किती टक्के पंप करतं हे काटेकोर मोजायचं आणि ज्या मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं बंद होता त्याला नुसतं नाव-गाव विचारायचं, ही तपासणी नव्हे.

हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. मात्र सगळ्याच पेशी सारख्या तग धरत नाहीत. नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही पेशी प्राणवायूच्या अभावाला सर्वांत आधी बळी पडतात. बोलणं, चालणं, जुन्या ओळखी यांची केंद्रं वेगळी आहेत, ती बहुधा वाचतात. म्हणून गावच्या जमिनीचा गट नंबर बिनचूक सांगणारा माणूस सकाळची गोळी घेतली की नाही हे विसरतो आणि रक्त पातळ करणारी गोळी दुसऱ्यांदा घेऊन बसतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ अरेस्टच्या आदल्या दिवशी मात्र त्याचं वय झालेलं नव्हतं!

हे अपवादाने होतं असंही नाही. डच संशोधकांनी २००९ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भरवशाच्या अभ्यासांत वाचलेल्यांपैकी ४२ ते ५० टक्के लोकांना स्मरणशक्ती, लक्ष किंवा नियोजन यांत अडचणी होत्या.

मग हे निसटतं कुठे? मोजपट्टीतच. संशोधनात वर्षानुवर्षं वापरलेल्या ‘सेरेब्रल परफॉर्मन्स कॅटेगरी’त पाच पायऱ्या आहेत, पाचवी मृत्यूची. पहिल्या दोन पायऱ्यांना ‘चांगला परिणाम’ म्हणतात, आणि दुसरीत मध्यम अपंगत्व असलेला, पण स्वतःचं स्वतः करू शकणारा माणूसही बसतो. पक्षाघातासाठी तयार झालेली सुधारित रँकिन श्रेणी ० ते ६ अशी आहे. अरेस्टच्या अभ्यासांत ३ पर्यंतचे गुण बहुधा ‘चांगले’ धरतात, आणि ३ म्हणजे आधाराशिवाय चालणारा, पण रोजच्या कामांत काही मदत लागणारा. ढोबळ वर्गवारीला या श्रेणी ठीक आहेत. विसरलेली गोळी त्यांत दिसत नाही.

ती दिसते ‘मोका’ चाचणीत. एकूण ३० गुण, वेळ साधारण दहा मिनिटं. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं. मग पाच शब्द ऐकवायचे, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे, आणि शेवटी ते पाच शब्द परत विचारायचे. दिलखुलास गप्पा मारणारा माणूस इथे अडतो. एकही शब्द आठवत नाही, आणि समोर बसलेल्या बायकोला महिनाभराचं कोडं उलगडतं. २६ च्या खाली गुण आले तर सखोल तपासणी करावी लागते.

मेंदूकडे न बघता फक्त जगलेले मोजले की काय होतं, ते ब्रिटनमधल्या पॅरामेडिक-२ या औषधचाचणीत दिसलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अरेस्टचे ८,०१४ रुग्ण होते. अ‍ॅड्रेनालीन दिलेल्यांपैकी ३.२ टक्के तीस दिवसांनी जिवंत होते, न दिलेल्यांपैकी २.४ टक्के. औषध जिंकलं म्हणायचं? डिस्चार्जच्या वेळी वाचलेल्यांत गंभीर अपंगत्व असलेले अनुक्रमे ३१ आणि १७.८ टक्के निघाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलं की अरेस्टवरच्या प्रत्येक मोठ्या चाचणीत जगणं, मेंदूचं कार्य आणि जीवनमान या तिन्ही गोष्टी नोंदवाव्यात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट एक नव्हेत : पहिल्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, दुसऱ्यात हृदयाचं काम थांबतं. पहिल्या दिवशी कोमात आहे म्हणून आशा सोडू नये. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७२ तास थांबून, गुंगीच्या औषधांचा अंमल उतरल्यावर, एकाहून अधिक तपासण्यांवरून अंदाज बांधायचा असतो. कोमा म्हणजे ब्रेन डेथ नव्हे. ‘वाचला तरी अंथरुणालाच खिळणार’ हेही खोटं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात अरेस्टमधून वाचलेल्यांची वर्षभराने फोनवरून विचारपूस केली, तेव्हा बहुतेकजण घरी राहत होते. आणि मोकाचे गुण म्हणजे जीवनमान नव्हे. त्यासाठी हालचाल, स्वतःची निगा, नेहमीची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न विचारणारी ईक्यू-५डी प्रश्नावली आहे. जीव वाचला तरी उदास राहणारा माणूस कृतघ्न नसतो, त्याला उपचार हवे असतात.

त्याच युरोपीय सूचना सांगतात की डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत स्मरणशक्ती, भावनिक त्रास आणि थकवा यांची तपासणी व्हावी. डॉक्टरांनी आपणहून केली नाही तर तुम्ही मागा. जाताना रुग्णासोबत रोज राहणाऱ्या माणसाला न्या, विसरलेल्या गोष्टी तारखेसह कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना त्या माणसाशी वेगळं बोलायला सांगा.