शाळेत संगणक शिकवणारे विद्यापीठाचे विद्यार्थी
इंग्लंडमधील सरकारी शाळांत सप्टेंबर २०१४ पासून ‘आयसीटी’ (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) या विषयाची जागा ‘कम्प्युटिंग’ने घेतली आणि पाच वर्षांच्या मुलांनाही अल्गोरिदम शिकवणे आले. अनेक शिक्षकांनी स्वतः कधी प्रोग्राम लिहिलेला नव्हता. इथे विद्यापीठांतले विद्यार्थी उपयोगी पडतात. काही जण २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘कोड क्लब’मधून शाळा सुटल्यावर मुलांना ‘स्क्रॅच’ ही प्रोग्रामिंग भाषा शिकवतात. विज्ञानलेखक सायमन सिंग यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये निघालेल्या ‘अंडरग्रॅज्युएट अँबॅसडर्स स्कीम’मध्ये मात्र शाळेतल्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जातात, त्याला निव्वळ स्वयंसेवा म्हणणे कठीणच. मुलांमध्ये जाण्यापूर्वी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. खरा कस पुढे लागतो: मुलाचा प्रोग्राम अडला, की कीबोर्ड आपल्याकडे न ओढता चूक त्यालाच शोधू द्यायची.