लेन्सचा नंबर काय सांगतो, काय नाही

नेकनूर-बीड भागातल्या फोटोग्राफर मित्रांनो, लग्नसराईआधी सेकंडहँड लेन्स घेताय? मग हे वाचाच.

✅ सोव्हिएत काळातल्या हेलिओस लेन्सवर नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात. ७९ म्हणजे १९७९. जुन्या कॅननवर मात्र सिरीयल नंबरऐवजी मागच्या बाजूचा छोटा कोड बघा: बहुधा पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं वर्षाचं.

❌ लेन्स पडली होती का, उघडली होती का, आत बुरशी आहे का, हे नंबर सांगत नाही. टॉर्च मारून पलीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या.

चोरीचा मोबाइल सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर ब्लॉक होतो, लेन्सला तशी सोय नाही. म्हणून बिलावरचा नंबर लेन्सशी ताडल्याशिवाय पैसे देऊ नका!