तीन वर्षांतून एक पिल्लू

देवमाशाची मादी एका खेपेला एकच पिल्लू देते, आणि तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. निळ्या देवमाशाची मादी वयात यायला साधारण १० वर्षे लागतात. गर्भ पोटात १० ते १२ महिने वाढतो. जन्मणारे पिल्लू सुमारे ७ मीटर लांब आणि अडीच टनांच्या आसपास वजनाचे असते. पुढचे सहा-सात महिने ते आईच्या दुधावरच जगते. या दुधात ३५ ते ५० टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे पिल्लाचे वजन रोज ९० किलोपर्यंत वाढते आणि दूध सुटते तेव्हा ते १६ मीटरच्या घरात पोचलेले असते. हा सगळा खर्च आईच्या अंगावरच्या चरबीतून भागतो. चरबी पुरेशी साठली नाही, की पुढचे गरोदरपण लांबते. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलबाबत हेच घडले आहे. एकेकाळी तीन वर्षांनी विणाऱ्या तिथल्या माद्या आता सात ते दहा वर्षांनी वितात, आणि ती जात चारशेच्याही खाली आली आहे.

जून २०१५मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्याला निळा देवमासा लागला. त्याची लांबी ४२ फूट, म्हणजे जवळजवळ १३ मीटर होती. मार्केट यार्डात कांदा-बटाटा घेऊन येणाऱ्या दहा चाकी ट्रकपेक्षाही हा प्राणी लांब होता. बातम्यांतून त्याचे अजस्रपण तेवढे गाजले. वाढीच्या वरच्या हिशेबात मात्र १३ मीटरचा निळा देवमासा दूध न सुटलेले, काही महिन्यांचे पिल्लूच ठरतो. पाण्यात जे वजन जाणवतही नाही, तेच वाळूवर फुप्फुसांवर दाब आणते. जाड चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. हे पिल्लू वाचले नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला आलेले देवमाशाचे पिल्लू ग्रामस्थ आणि शासकीय यंत्रणांनी अहोरात्र झटून समुद्रात परत नेले, तरी तेही अखेर दगावले. आईपासून तुटलेले दूधपिते पिल्लू खोल पाण्यात सोडले, तरी त्याला पाजणार कोण?

कोकणच्या समोरच्या समुद्रातला सर्वात धोक्यात आलेला देवमासा म्हणजे अरबी समुद्रातला हंपबॅक. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरतात आणि विण्यासाठी विषुववृत्ताकडे येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक ही वारी करत नाहीत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला तळाचे पोषक पाणी वर येते, तारलीसारखे मासे मुबलक होतात, आणि चरणे-विणे एकाच समुद्रात उरकते. जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळा राहिला आहे. तो संपला, तर ती जागा भरून काढायला दुसरीकडून कोणी येणार नाही.

या समूहाची पैदास कधी होते, हे कळले ते एका कत्तलीतून. नोव्हेंबर १९६६मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २३८ हंपबॅक मारले. ही शिकार बेकायदा होती आणि तिची खरी नोंद १९९०च्या दशकापर्यंत दडवून ठेवली होती. मारलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ मोजले गेले होते. त्या लांबीवरून पुढे लक्षात आले, की हे देवमासे उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाप्रमाणे, हिवाळा ते वसंत या काळात वितात. एका महिन्यात त्यांची पुढची पिढी अशी मोजपट्टीखाली गेली.

व्यापारी शिकारीवरची बंदी १९८६पासून लागू आहे. अंटार्क्टिकाभोवतीचे निळे देवमासे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३६० उरले होते, ते १९९८पर्यंत दोन हजारांवर गेले. अरबी समुद्रात असे झाले नाही. ओमानजवळच्या छायाचित्रांवरून तिथल्या हंपबॅकांची संख्या अवघी ८२च्या आसपास निघाली. ढोबळ हिशेब केला, तर त्यातल्या निम्म्या माद्या, त्यातल्याही काही अजून वयात न आलेल्या. उरलेल्या दोन-तीन वर्षांतून एकदा विणाऱ्या. वर्षाकाठी जन्मणारी पिल्ले फार तर दहा-बारा. एवढ्या थोड्या जन्मांवर चालणाऱ्या समूहात एक वयात आलेली मादी जाळ्यात गुदमरली, की तिची पुढची दहा-वीस वर्षांची पिल्लेही गेली.

जाळ्यांचा धोका कल्पनेतला नाही. ओमानमध्ये पाहिलेल्या हंपबॅकांपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर जाळ्या-दोरांचे व्रण आढळले. भारतीय किनारा यातून सुटलेला नाही. ओमानला उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती.

म्हणून कोकणातल्या मच्छीमाराच्या हातातल्या सुरीला इथे मोल आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्र शासन कमाल २५ हजार रुपये भरपाई देते. त्यासाठी प्राणी सोडतानाची छायाचित्रे लागतात. जाळे लाखाचे असेल, तर ही रक्कम तोकडीच आहे. ती वाढायला हवी.